हायवे, हायकोर्ट आणि हायकू

आमच्या चौकात 'हाय'नं सुरू होणारे दोनच शब्द लहानथोरांना ठाऊक आहेत, हायवे आणि हायकोर्ट. पहिल्यात जमीन गेली की दुसऱ्यात जावं लागतं, इतका त्यांचा घरोबा. त्यामुळे मी हायकू लिहितो असं कुणाला सांगितलं की समोरचा हातातला चहा खाली ठेवतो आणि आवाज उतरवून विचारतो, "किती गुंठ्यांचं मॅटर आहे?" मी म्हणतो, "तीन ओळींचं." त्यावर तो हळहळतो. तीन ओळींच्या नोटिशीनं माणसाची काय दैना होते, हे खालापूर तालुक्यात कुणाला शिकवावं लागत नाही.

चौक हे गावाचं नाव आहे, हे आधी सांगून टाकलेलं बरं. पुण्याच्या संपादकांना पत्ता दिला की ते विचारतात, "हो, पण कुठला चौक?" कुठलाच नाही हो, नुसता चौक. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, जिथून कर्जतचा रस्ता फुटतो तिथं. एका अंगाला इर्शाळगड, माथ्यावरच्या नेढ्यातून आभाळ दाखवत उभा. दुसऱ्या अंगाला मोरबे धरण, ज्याचं पाणी नवी मुंबई पिते. मधे मी, फाट्याजवळच्या फ्लेक्सच्या दुकानात, मशिनशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. ही खुर्ची म्हणजे माझं कार्यालय. दुकानमालकांना सगळे शेठ म्हणतात आणि मला सर. शाळेत एक तास न शिकवता सर झालेला गावात मी एकटाच. ज्याला ऱ्हस्वदीर्घ कळतं तो सर, अशी इथली सोपी व्याख्या आहे.

फ्रीलान्स लेखक म्हणजे काय, हे शेठना समजावताना मी म्हणालो होतो, "नोकरी नसते, काम असतं." शेठ म्हणाले, "म्हणजे नाक्यावरचा बिगारी." तेव्हापासून मी व्याख्या करणं सोडलं. सकाळी जो गाडी थांबवेल त्याच्याबरोबर जायचं, कधी विटा उचलायच्या, कधी विशेषणं.

त्यातल्या त्यात विशेषणांचं काम बारमाही. मागच्या श्रावणात एक पोरगा आला. त्याच्या भाऊंचा वाढदिवस होता. भाऊ म्हणजे सख्खा भाऊ नव्हे, नेता. सख्ख्या भावाच्या वाढदिवसाला आमच्याकडे फ्लेक्स लागत नाही, केक लागतो. मी मजकूर केला: युवकांचे आशास्थान, गोरगरिबांचे कैवारी, धडाडीचे नेतृत्व, दानशूर व्यक्तिमत्त्व, दिलदार मित्र आणि शेवटी भावी जिल्हा परिषद सदस्य. 'भावी' हे एकमेव पद असं आहे की जे निवडणूक न लढवता मिळतं आणि निवडणूक हरल्यावरही जात नाही.

पोरानं स्क्रीनकडे डोळे बारीक करून पाहिलं. "सर, कमी वाटतात."

"पाच विशेषणं आहेत. शिवाय भावी."

"समोरच्या पार्टीनं आठ टाकलेली."

शेठनी माउस हलवला. "दहा बाय आठमध्ये आठ बसवतो. पण मग खालचे फोटो बारीक होतील."

खाली शुभेच्छुकांचे फोटो होते. पासपोर्टच्या आकाराचे, दोन रांगांत, प्रत्येकाच्या डोळ्यांवर गॉगल. पोरगा त्यातल्या एका गॉगलवर बोट ठेवून म्हणाला, "फोटो नाय बारीक करायचे. वरचं आभाळ काढा." भाऊंच्या डोक्यामागं शेठनी निळं आभाळ आणि दोन पांढरे ढग टाकले होते. ते काढून तिथं 'कार्यसम्राट', 'लोकनेते' आणि 'अजातशत्रू' बसवलं. आभाळ काढून विशेषण घालणं, ही माझ्या व्यवसायाची सगळ्यात अचूक व्याख्या मला त्या दिवशी मिळाली.

जपानी हायकूत ऋतू सुचवणारा शब्द असावा असा दंडक आहे, आणि अशा शब्दांचे ऋतुवार कोशही तिकडे निघतात. माझ्या धंद्याचाही असा कोश सहज निघेल. जूनमध्ये ठाकूरवाडीतल्या बायका रस्त्याकडेला शेवळांच्या जुड्या मांडून बसतात, तेव्हा दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. जुलै हा धबधब्यांचा महिना. तेव्हा फार्महाऊसवाल्यांसाठी 'या, चिंब भिजा!' हे मी लिहितो आणि त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीसाठी 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई' हेही मीच लिहितो. दोन्ही बोर्ड एकाच वळणावर लागतात आणि लोक पहिला वाचून दुसऱ्याखाली कपडे काढून ठेवतात. भाद्रपदात मंडळांचे अहवाल. भातकापणीच्या सुमाराला दिवाळी अंक. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी. पूर्वी शेताच्या बांधावर मडकं उपडं करून, भांबुर्ड्याचा पाला घालून, कुणाला न सांगता व्हायची. आता तिची 'पोपटी नाईट' झाली आहे आणि तिच्या जाहिरातीत 'मातीचा अस्सल गंध' हे शब्द घालणं सक्तीचं आहे. मग शाळांची गॅदरिंगं, मार्चअखेरचे अहवाल आणि वैशाखात लग्नपत्रिका.

लग्नपत्रिका हा सर्वांत जोखमीचा साहित्यप्रकार. कादंबरीतलं एखादं पात्र गळलं तर समीक्षक फार तर चार ओळी वाईट लिहील. पत्रिकेतला एखादा चुलता गळला तर दोन पिढ्या एकमेकांच्या बांधावरून जात नाहीत. म्हणून आमच्या पत्रिकेत नवरानवरीची नावं शोधावी लागतात. हयात असलेले निमंत्रक, हयात नसलेले आशीर्वाददाते, मामा, आत्या, किलबिल म्हणून सगळी चिल्लीपिल्ली, विशेष उपस्थितीत परत तेच भावी सदस्य, आणि या गर्दीत कोपऱ्यात कुठंतरी मुहूर्त.

मग प्लॉटची माहितीपत्रकं. नव्या मुंबईचा विमानतळ आणि पनवेल-कर्जत लोकलचा मार्ग यांनी आमच्या भागातल्या गद्याला बहर आणला. 'स्टेशनपासून अवघ्या पाच मिनिटांवर' हे वाक्य मी इतक्या जमिनींसाठी लिहिलं आहे की त्या सगळ्या खरोखर पाच मिनिटांवर असत्या तर चौक स्टेशनला उभं राहायला जागा उरली नसती. पाच मिनिटं कशानं, हे मी लिहीत नाही. गिऱ्हाइकाची कल्पनाशक्ती म्हणून काही असते.

यातला एक शब्दप्रयोग मात्र मी बंद केला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह काढले, आणि ५७ माणसं सापडली नाहीत. काही दिवसांनी शोध थांबवला. आठवड्याच्या बाजाराला, शेवळांच्या दिवसांत, कधी नुसतं औषधाला म्हणून ती माणसं उतरून चौकात यायची. त्याच दिवसांत एका माहितीपत्रकाचं काम चालू होतं आणि त्याच्या पहिल्याच ओळीत 'डोंगराच्या कुशीत' असं होतं. माझंच वाक्य. मी ते काढलं आणि जागा तशीच सोडून फाईल पाठवली. बिल्डरनं का म्हणून विचारलं नाही. आज ते प्लॉट 'हिल व्ह्यू' या नावानं विकले जातात, म्हणजे डोंगराकडे लांबून बघायचं, एवढंच.

आमच्या गावाजवळ नितीन देसाईंनी २००५ मध्ये स्टुडिओ उभारला. 'जोधा अकबर'साठी तिथं आग्र्याचा किल्ला उभा राहिला होता, त्यामुळे मोगल बादशहाला चौकातून जाताना पाहिलेली माणसं आमच्याकडे आजही आहेत आणि तो वडापाव खात होता असंही काही जण सांगतात. अशा गावात राहिल्यावर ऐतिहासिक मालिकेचे संवाद लिहायला मिळणं ओघानं आलं. ते मी एका लेखकाच्या नावानं लिहिले, जो दुसऱ्याच लेखकाच्या नावानं लिहीत होता. तिथली मागणी सरळ होती, प्रसंग तेवढाच ठेवा, भाग वाढवा. सरदार दारातून आत आला, एवढ्या घटनेला मी बावीस मिनिटं पुरवली. तो आत येण्याआधी पहारेकऱ्यानं विचारलं, दासीनं विचारलं, राणीनं विचारलं आणि प्रत्येक वेळी ढोल वाजला.

इतिहासाचं दुसरं काम भाषणांचं. सरनौबत नेताजी पालकरांचं गाव म्हणून चौकाला मान आहे, तेव्हा त्यांच्यावर भाषण लिहून द्या म्हणून वर्षाकाठी कुणी ना कुणी येतंच. "जोरदार होऊ द्या सर, फक्त मधली वर्षं टाळा." मधली वर्षं म्हणजे स्वराज्यातून विजापूर, विजापूरहून मोगलाई, धर्मांतर, थेट अफगाणिस्तानच्या वाटेवरची चाकरी. १६७६ मध्ये नेताजी परत आले आणि महाराजांनी त्यांना शुद्ध करून घेतलं. एवढं फिरून माणूस घरी आला आणि घरानं त्याला घेतलं, यापेक्षा जोरदार काय असतं? पण वक्त्याला तलवार हवी असते, घर नको असतं. मी मधली वर्षं टाळतो आणि त्या जागी 'प्रतिशिवाजी' हे विशेषण तीनदा घालतो.

तर असा हा व्याप. फ्लेक्स, पत्रिका, माहितीपत्रक, मालिका, भाषण. वरून पाचही धंदे वेगळे दिसतात, आतून कसब एकच, फुगवणं. जिथं दोन शब्दांत भागतं तिथं बारा घालून दिले की पैसे मिळतात. आणि रात्री घरी येऊन मी जे करतो त्यात बारा शब्दांतले दहा काढायचे असतात. दिवसभर हवा भरायची आणि रात्री पंक्चर काढत बसायचं, असा संसार आहे.

मराठीत हा संसार बापलेकींनी वाटून घेतला होता. आचार्य अत्र्यांना काही आवडलं की ते गेल्या दहा हजार वर्षांत झालं नाही असं आवडायचं, आणि कुणावर चिडले तर तसा माणूस पुढच्या दहा हजार वर्षांत होणार नसायचा. पुढारी गेला, सिनेमा आला, पूल पडला, हिशेब नेहमी दहा हजारांतच. कुणाला त्यांनी साडेनऊ हजारांत सोडल्याचं ऐकिवात नाही. आणि त्यांच्या लेकीनं, शिरीष पै यांनी, मराठीत तीन ओळींची कविता आणली. ज्या घरात विशेषणांना मुसळधार पाऊस म्हणत असतील, त्या घरात एक मुलगी थेंब मोजायला शिकली.

बरं, शिरीषताई काही नुसत्या हायकू लिहीत बसल्या नव्हत्या. जन्म १९२९ चा. वकिलीचं शिक्षण. वडिलांच्या 'नवयुग'मध्ये आणि १९५६ मध्ये सुरू झालेल्या 'मराठा'त पत्रकारिता, आणि १९६९ मध्ये अत्रे गेल्यावर 'मराठा'चा गाडा ओढणं. कविता, कथा, नाटकं, मुलांसाठी पुस्तकं, वडिलांवरच्या आठवणी, 'लालन बैरागीण'सारखी कादंबरी. म्हणजे नाक्यावर उभं राहून जे काम येईल ते केलेल्या लेखकाची सगळी लक्षणं. फरक इतकाच की त्यांनी प्रत्येक कामावर आपलं नाव टाकलं. आणि हे सगळं करून झाल्यावर पुस्तकांची नावं काय, तर 'हेही हायकू', 'नवे हायकू', 'फक्त हायकू'. ही 'फक्त'ची ऐट वडिलांच्या दहा हजार वर्षांपेक्षा जबर आहे. २०१७ मध्ये त्या गेल्या. जपानी हायकूला पाच-सात-पाच अशा सतरा ध्वनींचं मोजमाप. शिरीषताई त्या मोजदादीत अडकल्या नाहीत, तीन ओळी धरल्या आणि यमक जुळवलं. माझ्यासारख्याला हे फार सोयीचं पडलं, कारण पत्रिकांमुळे यमकाची सवय होतीच.

हायकूवर पोट भरलेला माणूस मात्र जपानातही शोधावाच लागतो. मात्सुओ बाशो हा त्यातला मुकुटमणी. पण १६७७ च्या सुमाराला तो एदो शहराच्या पाणीपुरवठ्याच्या कामावर होता, तेही चार वर्षं. मला हे कळलं तेव्हा मी मोरब्याच्या धरणावर जाऊन पाणीखात्याच्या माणसाकडे आदरानं पाहून आलो. तो म्हणाला, "पास आहे का?" एदोत बाशो लोकांच्या कविता तपासून गुणही द्यायचा, म्हणजे शिकवण्याही करायचा. बुसोन चित्रं काढून पोट भरायचा, आजच्या भाषेत डिझायनर. मासाओका शिकी, ज्यानं 'हायकू' हे नाव रूढ केलं, तो वर्तमानपत्रात होता, १८९५ मध्ये युद्धवार्ताहर म्हणून चीनला जाऊन आला आणि बेसबॉलचा इतका वेडा, की मरणानंतर शंभर वर्षांनी, २००२ मध्ये, जपाननं त्याला बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात जागा दिली. हायकूसाठी जिवंतपणी काय मिळालं, तर क्षय.

आणि इस्सा! इस्साला मी चौकाचं मानद नागरिकत्व द्यायला तयार आहे. १८०१ मध्ये वडील वारले आणि सावत्र आई, सावत्र भाऊ यांच्याशी वाटणीचा तंटा लागला, तो मिटायला १८१३ उजाडलं. बारा वर्षं! शेवटी घर मधोमध वाटलं, अर्धं भावाचं, अर्धं याचं. माश्या, पिसवा, गोगलगायी यांच्यावर ज्यानं जगात सर्वांत कोवळं लिहिलं, तो माणूस एका हातात वारसनोंद घेऊन हिंडत होता. खालापूरच्या तहसील कचेरीबाहेरच्या बाकावर तो आजही बेमालूम खपेल. शेजारचा त्याला विचारेल, "फेरफार झाला का?" आणि तो म्हणेल, "पुढची तारीख दिलीय."

धंद्याचं गणित मांडून पाहिलं तरी ते सुटत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरच्या सूचना मराठीत करून दिल्या तर शब्दामागे रुपया-दीड रुपया मिळतो. त्या दरानं हायकूचे दहा रुपये होतात. त्यात कर्जत स्टेशनवरचा वडासुद्धा येत नाही, आणि आला तरी पाव येत नाही. दिवाळी अंकात हायकूची किंमत सेंटीमीटरमध्ये ठरते. संपादकांचा फोन येतो तो असा: "पान एकशेचाळीसच्या तळाशी जागा उरलीय. पाठवा दोनचार." एका वर्षी पाठवलेले सगळे हायकू छापून आले, पण दाढीच्या साबणाची जाहिरात ऐन वेळी मिळाल्यानं प्रत्येकाच्या दोनच ओळी राहिल्या होत्या. वाचकांची तक्रार नव्हती. एकानं तर कळवलं, "यंदा जास्त सूचक झाले आहेत."

कविसंमेलनात आणखी मौज. सूत्रसंचालक माझी ओळख करून देतात ती माझ्या सगळ्या कवितांच्या बेरजेहून लांब असते. मी उठतो, चष्मा लावतो, माइक खाली ओढतो, हायकू म्हणतो आणि बसतो. लोक वाट बघत असतात. पहिल्या रांगेतले अध्यक्ष धीर देतात, "होऊ द्या, होऊ द्या, घाबरू नका." मी सांगतो की झालं. मग टाळ्या पडतात, त्या सुटकेच्या. एकदा तर मी बसल्यावर साऊंडवाला धावत आला आणि वायर तपासून गेला.

या सगळ्यात माझा एक हायकू मात्र फ्लेक्सवर चढला. गेल्या जूनमध्ये, पेरण्या तोंडावर असताना, वावर्ल्याकडचा एक शेतकरी दुकानात आला. वडील गेले होते, दहाव्याचा बोर्ड करायचा होता. शेठनी ठेवणीतली फाईल उघडली: शांत, सोज्वळ, मनमिळाऊ, कष्टाळू, धर्मपरायण, खाली शोकाकुल परिवार आणि हात जोडलेले भाऊ. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "सर, आमचा बा एवढा बोलायचा नाय. थोडकं लिवा."

मी मागच्या बिलावर लिहून दिलं:

नांगर ओट्यावर
पहिला पाऊस
एकटाच शेतावर

शेठनी ते फोटोखाली बसवलं आणि मान वाकडी करून पाहिलं. "जागा लई उरते. भाऊंना घेऊ?"

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "बाच्या मागं आभाळ असू दे."

बोर्ड छापून झाला, त्यानं तो गुंडाळून काखेत घेतला आणि पैसे काढताना विचारलं, "तीनच वळी हायेत. काय कमी करा की." इतकी वर्षं धंद्यात राहून मी तेव्हा पहिल्यांदा ताठ बसलो आणि सांगितलं की घालायचे पैसे शेठ घेतात, मी काढायचे घेतो, आणि काढायला वेळ जास्त लागतो. त्यानं क्षणभर विचार केला. भात लावणारा माणूस. निंदणीची मजुरी त्याला पाठ होती. बिनबोलता पूर्ण पैसे ठेवून गेला.

शेठ हे सगळं ऐकत होते. कविता त्यांच्या डोक्यात शिरली की नाही, सांगता येत नाही. पण भाव शिरला. दुसऱ्या दिवशी दुकानाबाहेर 'झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅन कार्ड' यांच्या खाली नवी ओळ आली: 'येथे शब्द कमी करून मिळतील. दर जास्त.' मला वाटलं, चला, चौकात हायकूचं युग सुरू झालं; गेल्या दहा हजार वर्षांत असं झालं नव्हतं. चार दिवसांनी पहिलं गिऱ्हाईक आलंही, मुलीचे वडील, हातात लग्नपत्रिकेचं प्रूफ. व्याह्यांकडची नावं कमी करून हवी होती.